डाव्या गालावरचं ऊन

रविवारी रात्री आठला आमच्याकडे
फोन लिल्या चिवड्याच्या डब्याला टेकवून उभा करतात.
रिकामा डबा सरकतो,
म्हणून आई त्यात तांदूळ भरून ठेवते.
खारीवाव रोडवर तेव्हा शटरं पडत असतात
आणि हॅलिफॅक्सला सकाळचे साडेदहा,
हेरंब नुकताच दाढी करून बसलेला,
डाव्या गालावर ऊन.

अकरा वर्षं तेच ऊन.
मार्चमध्ये तिकडे घड्याळं तासभर पुढे ढकलतात.
आई म्हणते, कुणाला विचारून?

बोलायचं ते ठरलेलं.
जेवलास का. बर्फ किती.
विश्वामित्रीतली मगर पुन्हा कुणाच्या तरी अंगणात आली,
हे निहारला दर वेळी नव्यानं सांगायचं.
तो विचारतो, मगर मराठी बोलते की गुजराती?
आई म्हणते, बडोद्याची आहे, दोन्ही.
मग चित्र थांबतं,
आईचं तोंड अर्धं उघडं.
"आजी, तू अडकली."
"मी इथेच आहे रे," आई म्हणते,
ते त्याच्यापर्यंत जात नाही.

वासी उत्तरायणाला
गच्चीवरचा तुटका मांजा गुंडाळत उतरताना
आई शेवटच्या दोन पायऱ्या चुकली.
प्लॅस्टर गुडघ्यापर्यंत.
सयाजी हॉस्पिटलच्या रांगेतच मला दम भरला,
"त्याला कळवलंस तर बघ.
तिकिटाला दीड लाख घालेल, आणि येऊन काय, माझा पाय दाबेल?"
त्या रविवारी मी डबा पाटावर ठेवला.
फोन वर गेला,
आई कमरेपासून वर उरली.
पदर नीट, टिकली, मागे भिंत, कॅलेंडर.

पणजोबा वाईहून इथे आले, खासगीत कारकून.
भावाला लिहिलेली त्यांची कार्डं फिरून आमच्याकडे आलीत.
'इकडील सर्व क्षेम.'
ज्या कार्डावर अक्षर सगळ्यात ठसठशीत
त्या महिन्यात त्यांची दोन मुलं गेली होती.

पाच रविवार गेले.

सहाव्याला दिसलं,
ऊन त्याच्या उजव्या गालावर आहे.

घड्याळ बघितलं. आठच.
मागे तोच जहाजाचा फोटो,
पण टेपनं चिकटवलेला,
आणि शर्वाणी जिथून चहा घेऊन यायची
तिथे दार नव्हतं.
"ऑफिस काय म्हणतं?"
"चालू आहे," हेरंब म्हणाला
आणि त्याचा हात कानामागे गेला,
शाळेत फीचे पैसे हरवून यायचा तेव्हा जायचा तसा.
मी पुढे विचारलं नाही.
आई म्हणाली, "वाळलास."
"कॅमेरा तसा आहे."

मार्च लागताना शर्वाणीची मावशी तिकडून परतली.
अलकापुरीत जाऊन मी पिशवी आणली.
निहारचं चित्र: चष्मा लावलेली मगर.
बदाम.
आणि तळाशी, वर्तमानपत्रात,
जाड लोकरी मोजे,
तळव्याला रबराचे ठिपके,
घसरू नये म्हणून.
चिठ्ठी नाही.

आईनं मोजे उलटे केले, सुलटे केले,
ठिपक्यांवरून अंगठा फिरवला.
"तू सांगितलंस?"
"नाही."
"मग?"

मी भिंतीकडे वळले.
कॅलेंडरवर अजून जानेवारी.
पान उलटायचं काम आईचं,
स्टुलावर चढून.

रविवारी डबा तिनंच पाटावरून खाली घेतला.
मोज्यातला पाय खुर्चीवर, समोर, सगळाच्या सगळा.
बघून हेरंब काही बोलला नाही.
आईही नाही.
मग तिनं चिवड्याचा विषय काढला,
पुष्पाच्या मुलाबरोबर पाठवते म्हणाली,
आणि पदराचा धागा ओढत,
"पत्ता जुनाच ना?"

तिकडे चित्र थांबलं.
"आजी, बाबा अडकला," असं निहार म्हणाला,
तेव्हा कळलं, थांबलेलं नाही.
त्याच्या मागे पडदा हलत होता.

"लिहून घे," हेरंब म्हणाला.