चार दहाची फेरी

नव्या नावेला नाव नाही, क्रमांक आहे.
चौदा.
सुकाणूघरात एक खुर्ची, एक खिडकी,
काचेखाली एक लाल बटण,
आणि तोर्गेइर हाउगे, वय चौसष्ट,
ज्याला मांडीवर हात ठेवून बसण्याचा पगार मिळतो.
नावेत एक माणूस हवा, असं कायदा म्हणतो.
माणसानं काय करावं
ते कायद्यानं लिहिलेलं नाही.

जुन्या बोटीचं चाक तेवढं ठेवलंय त्यांनी,
शोभेला. कशालाही जोडलेलं नाही.
तरी खाडीच्या वळणाशी त्याचा हात जातो,
चाक फिरतं, आणि नावही फिरते,
तिच्या तिच्या कारणानं.
बघणाऱ्याला वाटावं, किती जमतं दोघांचं.

पहिलं वर्ष तो तिच्या चुका शोधत होता.
धुकं आलं, ती सुतासारखी सरळ गेली.
फेब्रुवारीतला वायव्येचा वारा, ज्यानं त्याला
तीनदा धक्क्यावर आपटवलं होतं
(एकदा तर धाकट्या मुलाच्या देखत),
त्या वाऱ्यात ती किनाऱ्याला अशी टेकली
की गाडीतल्या कॉफीला कळलंही नाही.
दुसऱ्या वर्षी त्यानं शोधणं सोडलं,
विणायला घेतलं.

डिझेलची धडधड ऐकून हेल्लेविकची माणसं
बूट चढवायला घ्यायची. आता मनगट थरथरतं.
शाळेची पोरं, चारच उरलीत,
हात हलवतात ते कॅमेऱ्याला,
कारण कॅमेरा हिरवा डोळा मिचकावतो.
तोर्गेइरनंही एकदा मिचकावून पाहिला.
एवढ्या वर दिसत नाही खालून.

राहिला गुरुवार.
चार दहाची फेरी. फाटक लागत नाही.
नाव धक्क्याशी उभी,
दोन मिनिटं, कधी अडीच.
चढावरच्या रस्त्यावर कुणी नसतं.
पाण्याला वाट नसते,
तरी ती वाट पाहते.
मग निघते.

मुख्यालयातून सुन्नीवा आली,
हातात टॅबलेट, पायात शहरी बूट.
म्हणाली, पहिल्या दिवसापासूनचा दोष आहे.
सेन्सर बदलले, भरती-ओहोटी तपासली.
'तुमच्या नऊ वर्षांच्या फेऱ्यांवरून शिकलीये ही.
गुरुवारी चार दहाला काय असायचं?'

त्यानं टाके मोजले. सव्वीस.

बोर्गहिल्ड असायची.
पलीकडच्या वृद्धाश्रमात नवरा, जो तिला बहीण समजे.
लाल सायकल, कॅरिअरला कापडात बांधलेला डबा,
उतारावरून येताना एक बोट वर:
थांब.
आभार कधी मानले नाहीत तिनं.
सायकल आता चर्चच्या भिंतीला टेकलीये,
तीन हिवाळे झाले, चाकात हवा नाही.

'वारा,' तो म्हणाला.
'वहीत लिहिलंय की.'
'हो, चारशेवेळा लिहिलंय.
त्या दिवसांची हवा मी काढून पाहिली.
पान हललं नव्हतं.'
मग ती खिडकीतून रस्त्याकडे बघत राहिली,
पुरी दोन मिनिटं, तोही गुरुवारच होता,
आणि टॅबलेटवर काहीतरी लिहिलं,
जे त्याला दाखवलं नाही.

सोमवारी रात्री अपडेट आलं.
गुरुवारी चार वाजून दहा मिनिटांनी
चार वाजून दहा मिनिटंच झाली होती.
फाटक लागलं. दोर सुटले.
धक्का आणि नाव यांच्यात
हातभर पाणी आलं.

तोर्गेइरनं लोकर बाजूला ठेवली,
काच उचलली, बटण दाबलं.
घट्ट होतं, पण लागलं.

छतातून एक नम्र आवाज आला:
थांबण्याचं कारण सांगा.

'वारा,' तो म्हणाला.

खाली तिसऱ्या गाडीतून
कुणीतरी वैतागून हॉर्न वाजवला.
किती वर्षांनी.