गृहपाठ: एका व्यक्तीचं वर्णन

वेरूळच्या पार्किंगला पेरूच्या टोपलीमागं
आत्या बसलेली. मी वहीत उतरवतो:
एल ए पतीत.
पतीत म्हणजे बुटकी, बाकी काही नाही.
मी मूर्तींसाठी शब्द मागितले होते,
सरांनी आधी माणसं दिली.

पुढं वयाशी अडलो.
फ्रेंचमध्ये वय होत नाही म्हणे,
ते जवळ असतं, सुट्ट्या पैशांसारखं.

"काय लिव्हलं रे?"
"तुझ्याकडं बहात्तर वर्षं आहेत."
आत्यानं कमरेची पिशवी चाचपली.
तंबाखूची डबी, दोन किल्ल्या,
कुण्या गोऱ्या बाईनं दिलेलं नाणं.
"इथं तर न्हाईत. सांडली की काय?"

तेवढ्यात टुरिस्टांची बस वळली
आणि ती उठली, गुडघ्यावर हात रेटून,
बहात्तरच्या बहात्तर
एकदम उचलत.