कुपी क्रमांक एकेचाळीस

पहाटे साडेचारला पहिलं रक्त.
मग एक टोचणी, शरीराला मारलेली हाक.
अर्ध्या तासानं दुसरं, तासानं तिसरं.
मी नळ्यांवर वेळ लिहिते, बर्फात ठेवते,
हाकेला ओ येते का बघते.

हिंदुराव चौगुले, वय बावन्न,
शिरोलीच्या फौंड्रीत साचे भरणारे.
आधी पायाला जखम, मग ताप,
मग बीपी दोन पंपांवर लोंबकळलेलं.

ओ आली नाही.
तीन नळ्या, जवळजवळ एकच आकडा.
मूत्रपिंडांवरच्या चिमूटभर टोप्या
एवढ्या गड्याला पुरेनाशा झालेल्या.

सर म्हणाले, सिस्टर, तुम्ही इथल्या, तुमचं ऐकतील.
अकरा पानांचा कागद घेऊन मी जिन्यात बसले, सुलाबाईंशेजारी.
"एका कुपीत औषध, दुसरीत मिठाचं पाणी.
कुणाला कोणती, मला ठाऊक नाही. सरांनाही नाही."
"म्हंजे तुमीबी आंधळं, आमीबी आंधळं.
मग डोळं कुनाकडं हाईत?"
"पुण्याला. कुलपात."
त्या हसल्या. त्या दिवसात एवढंच.

"आन् औशद गुणाचं असंल, तर समद्यास्नी का न्हाई?"
हा प्रश्न सातव्या पानावर आहे,
पण तिथं तो कुणी विचारलेला नाही.
म्हटलं, गुणाचं आहे का, तेच कळायचंय, मावशी.
कुणी म्हणतं तारतं,
कुणी म्हणतं जंतूंना दार उघडून देतं.
इतकी वर्षं आम्ही देत आलो, कळल्यासारखं तोंड करून.

अंगठा नको म्हणाल्या.
सही केली, 'चौ' दोनदा गिरवून.

कुपी एकेचाळीस, दर सहा तासांनी.
दिव्यासमोर धरली तरी काही कळत नाही.
मी धरली होती.

तिसऱ्या दिवशी एक पंप निघाला.
फौंड्रीतला एकजण काचेला नाक लावून म्हणाला,
"भट्टी धरली गड्यानं."
आठव्या रात्री विझली.

महिन्यानं सुलाबाई आल्या, पिशवीत गुळाची ढेप.
"उघडलं का कुलूप?"
नाही. अजून शंभरेक माणसं व्हायचीत.
"होऊ द्यात की. उघडलं की कळवा.
पानी असलं तरी कळवा."

वहीत एकेचाळीससमोर मी त्यांचा नंबर लिहिला.
बर्फात सत्तेचाळीसच्या नळ्या होत्या,
दुसरी घ्यायला चार मिनिटं बाकी.