पान एकशे त्रेचाळीस

बर्फ कारखान्याच्या माथ्यावर सोसायटीची खोली.
तिथे मला दिलंय एक टेबल, एक पंखा
आणि तारामुंबरीच्या मच्छिमारांची एकोणीस रजिस्टरं.
पानामागे सत्तर पैसे. फाटलं तर जबाबदारी माझी.

आधी टाचण्या काढायच्या.
गंजून त्या कागदातच रुतल्यात,
निघताना तांबूस भोक ठेवून जातात.
मग ब्रशने वाळू. हो, वाळू.
सत्याहत्तरच्या हिशेबात अजून वाळू आहे,
आणि डिझेलच्या कोट्यावर चिकटलेला
तांबोशीचा एक खवला.
नखाने उचलला, उजेडाला धरला,
कुठे ठेवावा कळेना, परत ठेवला.

काच पुसायची. पान पालथं. झाकण हळू.
उजेडाची पट्टी खालून सरकत जाते,
रात्री गरवायला गेलेल्या होडीतली बत्ती
एका खडपाआडून निघून दुसऱ्याआड जावी तशी.
मग फाइलला नाव: साल, रजिस्टर, पान.
"नावात जागा सोडू नको," कोयंडेकाका सांगतात,
"मशीन अडखळतं."
तीस वर्षं त्यांनी कपाटात डांबरगोळ्या घातल्या,
तरी कसर सगळं आधीच वाचून गेली.

मंगळवारी सत्यवती जुवाटकर आली.
टोपली बाहेर ठेवून, पाय धुऊन,
चौकट धरून उभी.
नवरा सभासद होता याचा पुरावा हवाय.
कुणाला, कशासाठी, तिने तीनदा सांगितलं,
तिन्ही वेळा ऑफिस वेगळं निघालं.

पान एकशे त्रेचाळीस. नाव होतं, अर्धं.
"...जी लक्ष्मण जुवाटकर, भाग एक, रुपये दहा."
पुढचं अर्धं कसरीच्या पोटात.
कोयंडेकाकांनी चष्मा कपाळावर चढवला:
लक्ष्मणाला मुलगे दोन, सावजी नि रामजी.
एक वादळात गेला, एक मुंबईच्या गोदीत.
सभासद कोण होता? मी तर आलो पंच्याऐंशीला.
मी रेझोल्यूशन वाढवलं. सहाशे. बाराशे.
भोक मोठं झालं, एवढंच.

"नाव सोड गो," ती म्हणाली. "आंगठो बघ."

पानाच्या तळाशी जांभळा ठसा.
स्क्रीनभर मोठा केला,
तशा रेघा ओहोटीनंतर पुळणीवर असतात,
आणि त्या सगळ्यांना तिरकी कापत
एक पांढरी वाट.
सॉफ्टवेअरने तिच्याभोवती चौकट काढली. विचारलं:
ओरखडा आढळला. काढून टाकायचा?

"रापण ओढताना दोरयेन कापललो,
लग्नाच्या वर्साक. मियाच हळद दाबललंय."
तिने आपला अंगठा पदराला पुसला
आणि स्क्रीनवर ठेवला, त्या वाटेवर.
काच कोमट असते, दिवसभर चालू असली की.
तिला काय वाटलं ते मी विचारलं नाही.
मी "नाही" दाबलं.

फाइलला नाव दिलं. सावजी, जागा न सोडता.
काका म्हणाले, अंगठ्यावरून ऑफिस मानील
की नाही, ते ऑफिसच जाणे.
तिने ऐकलं, मान हलवली.

पेनड्राइव्ह काढला तर म्हणाली,
"तां नको. माका कागद होयो."
प्रिंटचे पाच रुपये असतात. काका खिडकीबाहेर बघत राहिले.
शाई ओली होती, तिने फुंकर मारली,
चार घड्या केल्या,
पानसुपारीच्या प्लास्टिकमध्ये घालून कमरेला खोचला.
जिन्यात खारा वारा उभाच होता,
त्याला नवीन काम मिळालं.

मी पान उलटलं. एकशे चव्वेचाळीस.
ब्रश घेतला.
वाळू.