अर्धं बटण

जुलैत सगळा गाव घोड्यांमागे वर चढतो,
सोन-कुलच्या काठावर, तीन हजार मीटरवर,
आणि खाली नारिनच्या कचेरीत कारकून तेवढा उरतो.
म्हणून पासपोर्टचे फोटो काढायला आम्हीच वर जातो :
मी, जीप, एक पांढरी चादर,
आणि जिची कडी तीन वर्षांपासून अडकलीय अशी लेन्स.
हाताने फिरवायची सोय नाही.
जे काय शोधायचं ते यंत्रानेच शोधायचं.

उन्हात पडद्यावर माझंच नाक दिसतं.
मग डोक्यावरून कोट ओढून घेतो.
आत, कोटाच्या काळोखात, वीतभरही नाही एवढं लख्ख कुरण
आणि त्यात हुंगत फिरणारा चौकोन.

चौकोन इमानी आहे, अक्कल बेताची.
सकाळी त्याने तालांतची टोपी धरली, तालांतला सोडून.
मग चादरीआडून डोकावणारं शिंगरू धरलं.
शिंगराचा फोटो उत्तम आला.
कचेरीत चालला नसता.

बुरुलकानवर मात्र बसता क्षणी हिरवा.
टिक्.
जनावरं वर्षानुवर्षं एकाच उतारावरून गेली
की डोंगराला ज्या वाटा पडतात
तशा वाटा तिच्या गालांवर.
"एवढ्यात झालं? काय धरलं त्याने?"
"सुरकुत्या," मी बोलून गेलो.
ती हसली. आणखी चार पडल्या.

दुपारी वारा सुटला, चादर फडफडायला लागली,
तेव्हा शेवटचं गिऱ्हाईक यर्टच्या आत घेतलं.
नुरझादा, वय त्रेचाळीस दिवस.
बाप कझानला पाव भाजतो,
महिनाअखेरीस मायलेकी आगगाडीने त्याच्याकडे जाणार.
छताच्या गोलातून उजेड पडत होता,
त्याखाली चादर, चादरीवर बाळ,
जसं दह्यावर सायीचं एक टिंब.
सायीवर बोट कुठे ठेवणार?

लेन्स घूं करून पुढे गेली.
घूं करून मागे आली.
दिवे गेल्यावर दारात चपला चाचपडणारा पाहुणा
असाच ही नाही ती, ती नाही ही करत असतो.
चौकोन पिवळा. पिवळा. मग लाल.
त्याला कड लागते हो,
उजेड जिथे अंधाराला भिडतो तिथे तो पाय रोवतो.
हिच्या चेहऱ्यावर अजून काही भिडलेलंच नव्हतं.

मेरिम म्हणाली, डोळे मिटेल ती आता.
बॅटरीची एक रेघ उरलेली.

बुरुलकान त्यांची कुणी नव्हे.
शेजारच्या यर्टमधली, घोड्या दोहणारी,
लग्न न केलेली.
तिने काही न विचारता गुडघे टेकले
आणि हात बाळाच्या गालाशी धरला :
धुराने, दोरांनी, दुधाने काळा-तडकलेला,
प्रत्येक भेगेत एकेक हिवाळा.

टिक्. हिरवा.

फोटोत दुसऱ्याचा हात चालत नाही.
मी बटण अर्धं दाबलं आणि धरून ठेवलं.
अर्धं दाबलं की अंतर जागीच गोठतं,
मग पूर्ण दाबेपर्यंत कॅमेरा कुणालाही काही विचारत नाही.
"काढ आता. हळू."
दोहायच्या वेळी शिंगराला आईपासून बाजूला करतात,
तितक्या हळू तिने तो मागे घेतला.
मी श्वास घेतला नाही.
बाळाने वर बघितलं, छताच्या गोलाकडे.
उरलेलं अर्धं दाबलं.

पडद्यावर मोठं करून दाखवलं.
पापण्या मोजून घ्याव्यात.
बुरुलकान कडेकडेने शोधत होती.
"माझा हात?"
"नाही आला."
"बरं झालं," म्हणाली, "घाणेरडा आहे,"
आणि खिशातून कुरुतच्या दोन पांढऱ्या गोळ्या काढून
माझ्या तळव्यावर ठेवल्या. खारट, दगडासारख्या.

नारिनचा कारकून म्हणाला, चांगला स्पष्ट आहे,
पांढरी पाठ, दोन्ही कान,
आणि शिक्का मारला.

त्याआधी घाट उतरताना जीपमध्ये
बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं,
उजव्या हाताची तर्जनी अजून वाकलेलीच होती.
अर्धी.