सात गाठींचा दोर

कोसमघाटाला पूल झाला त्या सालापासून
डोंग्याचा दोर आमच्याकडे आहे.
एक टोक बाच्या खाटेला,
दुसरं बोडीच्या पाळीवरल्या मोहाला.
बारा वाव अंबाडी, मग निळं नायलॉन
वारलूनं कुठूनसं आणलेलं,
परत अंबाडी, थोडी खांबावरची तार, मग काथ्याच काथ्या.
मधे सात गाठी.
दर पुराला एक.

लहानपणी मी ह्या काठावर, बा त्या काठावर.
एक हिसका : माणूस आलंय.
दोन : थांब, सोबत गोऱ्हा आहे.
धुक्यात डोंगा दिसायचा नाही, नुसतं दोराला आलेलं कुबड
चालत जाताना दिसायचं, वीसेक हात,
मग तेही नाही.
पहिल्या गाठीशी थोडं पुढे जायचं, थोडं माघारी.
माघारी आलेलं माझ्या तळव्याला लागायचं.

मी विचारलं होतं :
माझ्याकडून आधी अंबाडी, तुझ्याकडून आधी काथ्या,
मग माझा हिसका तुला कमी लागतो का?
तो डोंग्यातलं पाणी उपसत म्हणाला,
"काऊन? इकडून जेवढा जाते तेवढाच तिकडून येते.
वापस कसा येते, तो ज्याच्या त्याच्या काठाचा हिसाब."

पुढे नागपूरला
हेच सिद्ध करायला मला साडेचार पानं लागली.

अख्ख्या दोराची मधोमध घडी घाला, जुळणार नाही.
सर म्हणाले, सममिती मोडली, विषय संपला.
मला ते पटलं नाही. मी गाठ ते गाठ बघत होते.
प्रत्येक तुकड्याला त्याचा मध्य आहे,
त्याच्यापुरता आरसा.
आरशाच्या अल्याड एक बिंदू घ्या, पल्याड तेवढ्याच अंतरावर एक,
दोघांच्या थरथरीचा मिळून एक आकडा निघतो
आणि तो तुकडाभर तसाच राहतो.
गाठ ओलांडली की दुसरा आकडा.
आणि कधीकधी, फार कधीकधी,
एखादी थरथर अशी सापडते
की प्रत्येक तुकडा तिला आपल्यातून सबंध जाऊ देतो;
परतणारं सगळं परतता परतताच मिटतं,
आणि असला ठिगळांचा दोर
माघारी काहीच पाठवत नाही.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी बाचं डावं अंग गेलं.
गडचिरोलीच्या डॉक्टरनं फिल्म खिडकीकडे धरली.
अक्रोडासारखे दोन भाग, आणि एकातच
धानाच्या लोंबीएवढा काळा डाग.
मी सवयीनं मध्यरेषा शोधली.
बोट ठेवलं.
डॉक्टर म्हणाले, तिथे काही नाही, इकडे बघा.

आईनं दोर बांधला तो त्यानंतर.
मोहाकडे बैलाची घाटी.
उजव्या हातानं एक हिसका : पाणी.
दोन : कुशीवर वळव.
आई पाळीवरून येते, चिखलाचे पाय धुते, वळवते.

आज दुपारी मी फास त्याच्या उजव्या मनगटातून काढून
डाव्यात घातला.
त्याला आवडलं नाही.
मोहापाशी गेले, ओढला. काही नाही.
परत ओढला.
तेवढ्यात आईनं नायलॉनवर ओलं लुगडं टाकलं.
आई, काढ ते, मधे वजन आलं, मी ओरडले.
"मंग कुठं वारवू? तुया डोक्यावर?"
खाटेवरून हसण्याचा आवाज आला,
अर्ध्या ओठांतून येतो तसा, थोडा पाण्याचा.

लुगडं राहिलं. ठिबकत होतं.
मी तसाच ओढला, एकदा, जुन्या सवयीनं.
डावी बोटं हलली.
दोरानं हलली की त्यानं,
एवढ्या लांबून सांगता येत नाही.
मग त्याचा उजवा हात छातीवरून सावकाश पलीकडे गेला,
डावी मूठ त्यानं बाहेरून मिटली, दोरासकट.

माझ्या डोक्यावर घाटी वाजली.
एकदा.

म्हणजे पाणी.
किंवा, माणूस आलंय.