एक लांब, दोन आखूड

पंखे फिरतात. सगळे.
काचेआड दिवे निळे-जांभळे,
जत्रेतल्या पाळण्यासारखे,
आणि पडदा मख्ख.
"सिग्नल नाही," एवढं एकदाच सांगून
तोही झोपी जातो.

साम्प्सा सोळा वर्षांचा. उन्हाळाभर त्यानं केमीच्या बंदरात
ओंडक्यांवर रंगानं आकडे टाकले,
त्या पैशांचा हा पसारा: मदरबोर्ड, रॅम, पॉवर सप्लाय,
आणि तोर्नियोच्या कुणाकडून घेतलेलं जुनं ग्राफिक्स कार्ड,
मासा बांधून द्यावा तसं
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं.

बाहेर उणे चोवीस. घरात हवा इतकी कोरडी
की स्वेटर काढताना ठिणग्या दिसतात.
म्हणून सुट्या भागांना शिवण्याआधी तो
रेडिएटरला हात लावून येतो. दर वेळी. न विसरता.
दात घासायला मात्र सांगावं लागतं.

मी इस्पितळाच्या धुलाईखान्यात असते.
तिथलं यंत्र अडलं की आम्ही त्याच्या पाठीत धपाटा घालतो.
हे सांगितल्यावर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं
की मी कॉफी करायला उठले.

केबल काढली, लावली. मग कळलं,
ती बोर्डाच्या खाचेत होती, कार्डाच्या नाही.
कार्डात लावली. अंधार.
रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एक काढली. अंधार.
उरलेली दुसऱ्या खाचेत. अंधार, पण निराळा,
असं तो म्हणाला. मला सारखाच दिसला.
मग नाण्याएवढी बॅटरी काढून पाच मिनिटं थांबायचं,
म्हणजे यंत्र सगळं विसरतं, तारीखसुद्धा.
पाच मिनिटं आम्ही दोघं गप्प बसलो.
मला त्या यंत्राचा हेवा वाटला,
हे त्याला सांगितलं नाही.

शेवटी त्यानं शेंगदाण्याएवढा भोंगा जोडला.
पीऽऽऽप. पिप. पिप.
पुन्हा चालू केलं. पीऽऽऽप. पिप. पिप.
रात्रीचे अकरा. तिसऱ्यांदा वाजलं आणि दारावर थाप.

खालच्या मजल्यावरचा ओइवा, पायात नुसते मोजे.
एकतीस वर्षं बर्फफोड्या जहाजावर काढलेला माणूस.
मी माफीची वाक्यं जुळवत होते,
तर तो विचारतो, "धुक्यात कोण अडकलंय?"

एक लांब, दोन आखूड.
म्हणजे जहाज आहे, पण त्याला हवं तसं वळता येत नाही,
इतरांनी जपून असावं.
साम्प्सानं पुस्तिका पुढे केली:
एक लांब, दोन आखूड, चित्राचं कार्ड सापडत नाही.
"मग मी काय वेगळं म्हणालो?" ओइवा खुर्ची ओढत म्हणाला.
"धुक्यात वेग कमी करायचा, कान उघडे ठेवायचे.
आणि दोर तपासायचे.
जो आपण स्वतः बांधलाय, पक्का बांधलाय,
तो आधी."

साम्प्साचे कान लाल झाले.
कार्डाच्या कडेला वीज नेणारी जाड केबल,
बसलेलीच होती. बसलेलीच दिसत होती.
त्यानं अंगठा ठेवून दाबली.
टक्.
साखरेचा खडा दातांखाली फुटावा, एवढंच.

पडदा उजळला, विझला.
पुन्हा उजळला, विझला. आम्ही तिघं श्वास धरून.
तिसऱ्यांदा काळ्यावर पांढरी अक्षरं:
सुरू करण्याजोगं काहीही सापडलं नाही.
मला पोराची कीव आली. इतकी मेहनत, आणि हा नन्नाचा पाढा.
पण तो खुर्चीवर चढून नाचत होता:
"अगं, दिसतंय ना! सापडलं नाही, हे दिसतंय!"

आता पेनड्राइव्हमधून काहीतरी थेंबथेंब आत चाललंय.
एकोणीस टक्के. बराच वेळ एकोणीस.
पाचला माझी पाळी आहे.
ओइवा थंड कॉफी पितोय, घरी जायचं नाव नाही.

टेबलावरच्या बशीत एक स्क्रू उरलाय.
मला दिसला. ओइवालाही.
त्यानं कप संपवला
आणि अलगद
त्या बशीवर उपडा घातला.